सायनस लिफ्टसाठी स्वतःचे हाड की प्राणिज दाणे?

वरची दाढ काढून बरीच वर्षे झालेल्या एका परिचितांना इम्प्लांटपूर्वी (इम्प्लांट म्हणजे जबड्यात बसवायचे कृत्रिम दातमूळ) सायनस लिफ्टचा, म्हणजे वरच्या दाढांवरील सायनस या हवेच्या पोकळीचे अस्तर उचलून त्याखाली हाडाचा भराव घालण्याचा, सल्ला मिळाला आणि भरावासाठी स्वतःचे हाड घ्यावे की गोवंशीय हाडापासून तयार केलेले दाणे, या पेचात ते पडले.

नवे हाड घडवण्यात स्वतःचे हाड सरस ठरते, कारण त्यात जिवंत पेशी असतात. प्राणिज दाण्यांतील सेंद्रिय भाग काढून टाकलेला असल्याने ते केवळ आधाराची चौकट पुरवतात. म्हणून पहिल्या पर्यायात साधारण ४ ते ६ महिन्यांनी, तर दुसऱ्यात बहुधा ६ ते ९ महिन्यांनी इम्प्लांट बसवतात. आकारमान टिकण्याच्या बाबतीत मात्र पारडे फिरते: स्वतःचे हाड काही अंशी विरघळून भराव खचतो, तर प्राणिज दाणे अनेक वर्षे जवळपास तसेच राहतात.

त्रासाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हनुवटीतून हाड काढल्यास दुसरी जखम होते आणि खालच्या पुढच्या दातांना बधिरपणा येऊ शकतो. दाण्यांत हा त्रास नाही, पण साहित्याचा खर्च वाढतो. शिवाय दाणे गाईच्या हाडाचे आहेत, हे रुग्णाला आधी स्पष्ट सांगितलेच पाहिजे.

सायनसखाली मूळ हाडाची उंची ४-५ मिलिमीटर उरली असेल आणि थांबण्याची तयारी असेल, तर दाणे पुरेसे आहेत. हाड अगदीच पातळ असेल किंवा लवकर भरून येणे गरजेचे असेल, तर स्वतःचे हाड, शक्यतो दाण्यांत मिसळून, घ्यावे. श्रद्धेमुळे प्राणिज पदार्थ नको असल्यास कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेटच्या भरावाबद्दल विचारावे.