चॅम्पियन बापाची शिवलेली पापणी

रॉटवायलर कुत्र्याचं पिल्लू घ्यायला निघालेल्या आणि 'बाप चॅम्पियन आहे' एवढ्यावर ॲडव्हान्स देऊन मोकळं होणाऱ्या मंडळींसाठी हे लिहितोय. आमच्या पिल्लाचा बाप खरोखरच चॅम्पियन होता. केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) कागद खरे, मायक्रोचिप खरी, भिंतीवरची रोझेट्स खरी. खोटी होती ती फक्त त्याची पापणी.

भैरू पुण्यात आमच्याकडे आला तेव्हा दोन महिन्यांचा होता. ब्रीडरने बापाला समोर आणून उभं केलं, फोटो काढू दिले, शोचे व्हिडिओ दाखवले. 'ब्लडलाइन'च्या नावाखाली किंमत चालू भावाच्या दीडपट. आम्ही ती दिली, कारण तसा कुत्रा समोर दिसत होता.

पाच महिन्यांचा होईस्तोवर भैरूच्या डाव्या डोळ्यातून सतत पाणी यायला लागलं. धूळ असेल म्हटलं. ब्रीडर फोनवर म्हणाला, "ॲलर्जी आहे, गुलाबपाणी घाला." मग एका सकाळी डोळा उघडेचना.

डॉक्टरांनी काय केलं ते सविस्तर सांगतो, कारण हे प्रत्येकाने समजून घ्यावं असं आहे. आधी डोळ्यात बधिर करणारा थेंब टाकून ते थांबले. डोळा नुसता दुखण्यामुळे आवळला गेला असेल, तर या थेंबाने पापणी सैल पडून जागेवर येते. भैरूची आली नाही. खालची पापणी आत मुडपलेलीच राहिली आणि तिच्यावरचे केस डोळा मिटताना-उघडताना थेट कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, घासत होते. मग फ्लुरेसिनचा नारिंगी रंग टाकून वर निळा दिवा धरला, तर कॉर्नियावर हिरवागार चट्टा उजळला. व्रण झाला होता.

याला एन्ट्रोपियन म्हणतात. शार पे, चाऊ चाऊ, बुलडॉग, ग्रेट डेन, लॅब्राडोर, रॉटवायलर अशा बऱ्याच जातींत ते पिढीजात येतं. लहान पिल्लाला तात्पुरते टाके घालून पापणी बाहेर ओढून ठेवतात. चेहरा भरला की पापणीखालची चंद्रकोरीच्या आकाराची कातडी कापून कायमचं ऑपरेशन करतात. "आईबापांचे डोळे कसे आहेत?" डॉक्टरांनी विचारलं. मी मोबाइलमधला बापाचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "फोटोवरून काही सांगत नाही. पण जुना फोटो मिळतोय का बघा."

ब्रीडरनेच त्या लिटरच्या, म्हणजे एकाच वेतातल्या पिल्लांच्या, मालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला होता, वाढदिवसाचे केक वगैरे टाकायला. त्यावर मी साधा प्रश्न टाकला: आणखी कुणाच्या पिल्लाच्या डोळ्यातून पाणी येतं का? दोघांचा फोन आला आणि संध्याकाळच्या आत मला ग्रुपमधून काढलं. त्या दोघांपैकी एकाने चिकाटीने बापाचा पहिला मालक शोधला. त्याच्या जुन्या फेसबुक पोस्टमध्ये तोच कुत्रा, जेमतेम आठ महिन्यांचा, गळ्यात प्लास्टिकचा कोन आणि दोन्ही डोळ्यांखाली टाके. तो माणूस फोनवर सरळ म्हणाला, "हो, दोन्ही डोळ्यांचं केलं होतं. विकताना त्यांना सांगितलं होतं की मी."

म्हणजे ब्रीडरला सगळं ठाऊक होतं. तरीही त्याने कुत्रा शोच्या रिंगमध्ये उतरवला, चॅम्पियन ठरायला लागणारी चॅलेंज सर्टिफिकेटं जमवली आणि स्टड (प्रजननाचा नर) म्हणून फी लावली. रॉटवायलरच्या एफसीआय (केनेल क्लबांची आंतरराष्ट्रीय संघटना) मानकात एन्ट्रोपियन हा कुत्रा थेट बाद करणारा दोष आहे. कातडीची एक फाक कापली आणि बाद होणारा कुत्रा चॅम्पियन झाला.

जाब विचारला तर उत्तर तयार होतं. "अहो साहेब, आजारी जनावराचं ऑपरेशन करणं गुन्हा आहे का? तुमचा मुलगा चष्मा लावतो म्हणून त्याचं लग्न लावणार नाही का तुम्ही?"

ऐकायला बिनतोड वाटतं. पण ऑपरेशनला कोण नाही म्हणतंय? ते करायलाच हवं. न करणं हा छळ. भैरूचंही केलंच. प्रश्न त्यानंतर त्या कुत्र्याला रिंगमध्ये नेण्याचा आहे. डॉग शो म्हणजे, निदान कागदोपत्री, पुढची पिढी कुणापासून काढावी याची निवड. जज डोळ्यांनी पाहून आणि हातांनी चाचपून निकाल देतो, त्याला केसपेपर दिसत नाही. सुरीने पापणी सरळ होते, बीज तसंच राहतं. निर्दोष आईबापांच्या पोटीही असं पिल्लू निघू शकतं हे खरं, आणि तसं झालं असतं तर मी नशिबाला बोल लावून गप्प बसलो असतो. इथे माहिती होती आणि ती दाबून किंमत वाढवली.

अमेरिकन केनेल क्लबने यावर स्पष्ट रेघ ओढली आहे. जन्मजात किंवा आनुवंशिक दोष झाकणारी वा घालवणारी शस्त्रक्रिया झालेला कुत्रा शोमधून बाद, आणि उदाहरणांत एन्ट्रोपियनचं नाव आहे. खाली न उतरलेल्या वृषणाच्या जागी नकली वृषण बसवणंही त्यात येतं. (हा विनोद नाही. असे सिलिकॉनचे वृषण बनवणाऱ्या माणसाला 2005 मध्ये इग नोबेल हे गमतीचं 'नोबेल' मिळालं.) ब्रिटनच्या केनेल क्लबमध्ये नोंदणी करतानाच मालक मान्य करतो, की कुत्र्याची मूळ ठेवण बदलणारी शस्त्रक्रिया झाली तर पशुवैद्याने क्लबला कळवावं. 2012 च्या क्रफ्ट्स या तिथल्या मोठ्या डॉग शोमध्ये पंधरा जातींच्या विजेत्यांची पशुवैद्यांकडून तपासणी झाली आणि सहा जातींच्या विजेत्यांना बक्षीस गमवावं लागलं. चांगलंच झालं. मात्र नुसती वरवरची तपासणी असेल, तर बेमालूम शिवलेला डोळा तीतूनही सुटतो. म्हणून पशुवैद्याने कळवण्याची सोय जास्त मोलाची.

आता पिल्लू बघायला जाणाऱ्यांनी एवढं करा. बापाचे आणि आईचे चार ते दहा महिन्यांच्या वयातले फोटो मागा. 'फोन हरवला' म्हणाला तर उठा. भर उजेडात दोघांच्या खालच्या पापणीलगत बोट फिरवा. पापणीला समांतर अशी बारीक, बिनकेसांची रेघ लागली तर विचारा. ऑपरेशनची जखम नीट भरली असेल तर काहीच लागणार नाही, म्हणून आपले डॉक्टर सोबत असलेले बरे. आणि सर्वांत महत्त्वाचं, मायक्रोचिप नंबरासकट लेखी घ्या: या कुत्र्यावर पापणी, दात, वृषण, शेपूट किंवा सांध्याची शस्त्रक्रिया झालेली नाही. आमच्याकडे असा कागद नव्हता, पण व्हॉट्सॲपवर 'आय क्लिअर लाइन' (डोळ्यांचे दोष नसलेलं घराणं) असं त्याने स्वतः लिहिलेलं होतं. तेच आता जिल्हा ग्राहक आयोगातल्या तक्रारीला जोडलंय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, तक्रार मात्र दोन वर्षांच्या आत करावी लागते. चॅट डिलीट करू नका आणि औषधांची बिलं फेकू नका.

भैरू आता दीड वर्षाचा आहे. डोळे स्वच्छ, डोकं रुंद, छाती भरलेली. परवा टेकडीवर एका गृहस्थांनी थांबवून मेटिंगसाठी विचारलं. मी ऑपरेशनचं सांगितलं. ते म्हणाले, "मग काय झालं? दिसत तर नाहीये काही." त्यांना ब्रीडरचं नाव विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. भैरूच्या नसबंदीची तारीख पुढच्या आठवड्याची घेतली आहे.