घरी येणारी पॅलिएटिव्ह सेवा: आमचा सात आठवड्यांचा अनुभव

मुंबईतल्या डॉक्टरांनी "आता घरी न्या" म्हटलं, तेव्हा आमच्या हातात साध्या पेनकिलरची चिठ्ठी तेवढी होती. माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. गाव गुहागर तालुक्यातलं. रात्री दुखायला लागलं की अण्णा गुडघे पोटाशी घेऊन पहाटेपर्यंत कण्हत पडायचे. तीन आठवडे तसेच गेले, त्याचं मला अजून वाईट वाटतं. पॅलिएटिव्ह पथक, म्हणजे गंभीर आजारातलं दुखणं आणि त्रास कमी करणारे डॉक्टर-सिस्टर, घरी येतं हे शेवटी गावच्या आशाताईंनी सांगितलं.

पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी मॉर्फिन सुरू केलं. "मॉर्फिन दिलं म्हणजे संपलंच", "व्यसन लागेल" असं आमच्याही घरात बोलणं झालं. डॉक्टर अर्धा तास पडवीत बसून समजावत होते. वेदनेसाठी मोजून दिलं तर व्यसनाची भीती फार कमी, बद्धकोष्ठ मात्र बहुधा होतोच, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून. गोळी दर चार तासांनी, दुखायची वाट न बघता. तिसऱ्या रात्री अण्णा सलग झोपले. सकाळी उठून विचारतात काय, तर "माडांना पाणी लावलंत का?"

सासूबाई चमच्याने पेज भरवायच्या. ती गालात साठून राहायची, मग ओठाच्या कोपऱ्यातून ओघळायची. सिस्टर त्यांचा हात धरून म्हणाल्या, "काकू, शरीर मागत नाहीये. ओठ ओले ठेवा, तेवढं पुरे." तेव्हापासून बोटाला गॉज गुंडाळून शहाळ्याचं पाणी लावायचो.

अण्णा शुद्धीत होते तोवर सिस्टरनी लिव्हिंग विलचा, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याचा, विषय काढला. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये त्याला मान्यता दिली आणि 2023 मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. अण्णांनी स्वतः सांगून लिहून घेतलं, "नळ्या नकोत, व्हेंटिलेटर नको." पुढे मुंबईचे भावोजी आयसीयूचा हट्ट धरून बसले, तेव्हा सासूबाईंनी तो कागद त्यांच्या हातात दिला. भावोजी रडले, पण गाडी बोलावली नाही.

उणिवा आहेत. भेट आठवड्यातून एकदाच, आणि रात्रीचा फोन पावसात लागेलच असं नाही. पडून पडून पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी घेतली होती, तिचा पंप विजेवर चालतो. आमच्याकडे जुलैत लाईट गेली की गादी बसायची आणि दर दोन तासांनी कूस बदलायला दोन माणसं उठायची. गादी घेताना बॅटरीची सोय आधी बघा. भेटीचे पैसे घेतले नाहीत, गादीचं भाडं आम्ही भरलं.

तुमच्या घरी असा आजारी असेल तर दुखणं हाताबाहेर जायच्या आधी बोलवा. उपचार चालू असतानाही ही सेवा घेता येते.

तेराव्यानंतर सिस्टर पुन्हा आल्या. सासूबाईंजवळ तासभर बसल्या. मग उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजल्या, वहीत माझी सही घेतली आणि सोबत घेऊन गेल्या.