जुनी पद्मिनी घेताना: ऑनलाइन नोंद पाहावी की पेन्सिल प्रिंट काढावी?

फियाट किंवा पद्मिनी घ्यायचं ठरलं की दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे गाडीचा नंबर मोबाइलवर टाका, सगळं कळेल. दुसरा, बॉनेट उघडा आणि चेसिस नंबरची, म्हणजे गाडीच्या पत्र्यावर ठोकलेल्या ओळख-क्रमांकाची, पेन्सिल प्रिंट घ्या: वर कागद ठेवून पेन्सिल घासून तो उमटवून घ्या. वेळ असेल तर दोन्ही करावं. पण आधी काय करावं आणि जास्त विश्वास कशावर ठेवावा, याबद्दल माझं मत आता बऱ्यापैकी पक्कं झालं आहे.

ऑनलाइन नोंदीचं महत्त्व मी कमी करत नाही. कर्जाचा बोजा, फिटनेसची मुदत, टॅक्स, गाडी काळ्या यादीत आहे का, हे पत्रा कधीच सांगणार नाही. जुनी गाडी ऑनलाइन दिसतच नसेल, तर नाव चढवण्याआधी नोंदणी पुस्तकावरून (आरसी बुक) ती नोंद करून घ्यावी लागते. त्यात जाणारा वेळ सौद्याच्या वेळीच कळलेला बरा.

मला अडलं ते एकाच ठिकाणी. ऑनलाइन पाहताना चेसिस नंबरचे शेवटचे आकडे झाकलेले असतात. गैरवापर टळावा म्हणून ते केलेलं असणार, आणि नव्या गाडीला त्यामुळे फारसं बिघडत नाही. सतरा अक्षरी नंबरातलं जे उरतं, त्यातूनही कंपनी आणि मॉडेलचा अंदाज येतो. पण अमेरिकेतसुद्धा हा सतरा अक्षरी नंबर सक्तीचा झाला तो १९८१ च्या मॉडेलपासून. आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाटचे नंबर आखूड. त्यांचे शेवटचे आकडे झाकले की मागे राहतो तो जवळजवळ मॉडेलचा भाग, जो शेकडो गाड्यांवर सारखाच असतो. म्हणजे ही गाडी नेमकी कोणती, एवढंच विचारायचं असताना तेवढंच उत्तर मिळत नाही.

त्यात ही नोंद बहुतेकदा हाताने लिहिलेल्या पुस्तकावरून कुणीतरी चढवलेली असते. सतरा अक्षरी नंबरात आय, ओ, क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, त्यामुळे '१' आणि '०' या आकड्यांशी त्यांचा घोळ टळतो. जुन्या नंबरांना ती सोय नाही. वर्ष आणि मॉडेलही ताडून पाहा. कुर्ल्याला १९६४ पासून बनली ती ११०० डिलाइट, पद्मिनी हे नाव सत्तरच्या दशकातलं. नोंदणी १९६६ ची आणि मॉडेलच्या रकान्यात पद्मिनी असेल, तर फसवणूक असेलच असं नाही, पण मूळ पुस्तक मागा.

आता प्रिंट. रॉकेलच्या फडक्याने जागा पुसा. वायर ब्रश किंवा पॉलिश पेपर लावू नका, विकणाऱ्यालाही लावू देऊ नका. पातळ कागद चिकटपट्टीने बसवून मऊ पेन्सिल आडवी धरून फिरवा. रंगाच्या थरांखाली डोळ्यांना जे दिसत नाही, ते कागदावर उमटतं: आकड्यांची उंची, त्यांच्यातलं अंतर, पंच (आकडा ठोकायचा ठसा) किती खोल बसला आहे, पत्रा कुठे घासून खोलगट झाला आहे. रिव्हेटने बसवलेल्या पट्टीवर विसंबू नका. ती एका गाडीवरून दुसरीवर सहज जाते.

मी पाहिलेल्या एका गाडीत पुस्तक, ऑनलाइन नोंद (दिसतो तेवढा भाग) आणि पत्रा, तिन्हीकडचा नंबर जुळत होता. प्रिंटवर मात्र शेवटचे आकडे ओळीच्या किंचित खाली उतरलेले निघाले, आणि सुरुवातीचा '१' आणि शेवटचा '१' वेगवेगळ्या पंचाचे. पत्र्याच्या कामानंतर कुणी प्रामाणिकपणे नंबर पुन्हा मारलाही असेल, पण पुस्तकात तसा शेरा नव्हता. ती गाडी मी सोडली. नंतर जी घेतली तिचा रंग उडालेला होता, प्रिंट मात्र एका सरळ रेषेत आली.

इंजिन नंबरचं थोडं निराळं आहे. या गाड्यांत हाफ इंजिन (नंबर असलेला इंजिनाचा मुख्य ठोकळा) बदलणं नित्याचंच होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगी घेऊन ते पुस्तकात चढवलं असेल तर रोज चालवायच्या गाडीला मी नाक मुरडणार नाही. पण २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी करून 'व्हीए' मालिकेचा नंबर घ्यायचा बेत असेल, तर पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली असून भागत नाही, गाडी मूळ स्वरूपातही लागते. मग इंजिनाचीही प्रिंट घ्या आणि ती पुस्तकाच्या पहिल्या पानाशी ताडा, नंतरच्या शेऱ्यांशी नव्हे.

गाडी दुसऱ्या गावात असेल आणि जाणं जमत नसेल, तर आधी ऑनलाइन पाहणंच सोयीचं; निदान बोजा असलेल्या गाडीसाठी फेरी पडत नाही. पण टोकन, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, प्रिंट हातात आल्यावरच द्या, आणि ती फोटोवर न भागवता स्वतः काढा. एकाऐवजी दोन काढा. नाव चढवताना अर्जाला एक बहुधा लागतेच, दुसरी पुस्तकात ठेवता येते.