स्क्वूश: फोटोची साइज कमी करायला मी हेच वापरते

फोटोची साइज कमी करायची म्हटलं की बरेच जण सर्च मारतात आणि जी पहिली साइट दिसेल तिच्यावर आधार कार्ड, मार्कशीट सगळं अपलोड करून मोकळे होतात. कृपा करून असं करू नका. स्क्वूश नावाचं वेब-टूल वापरा. गुगलच्या क्रोमवाल्या टीमने २०१८ मध्ये काढलंय, फुकट आहे, लॉगिनची कटकट नाही, आणि मेन म्हणजे सगळं काम तुमच्याच ब्राउझरमध्ये होतं, फोटो कुठल्या सर्व्हरवर जातच नाही.

फोटो टाकला की मधोमध एक उभी रेघ येते, एका बाजूला ओरिजिनल, दुसऱ्या बाजूला कॉम्प्रेस झालेला, आणि साइज किती टक्के घटली तेही तिथेच दिसतं. रेघ सरकवत, झूम करत बघायचं. साध्या फोटोला मोझजेपेग (जेपेग म्हणजे जेपीजी फाइल बनवायचा पर्याय) लावून क्वालिटी ७५ ठेवली तर मला तरी फरक सापडत नाही, फाइल मात्र चांगलीच बारीक होते. तेच ३० वर आणा आणि आकाशाकडे बघा, चौकोन चौकोन दिसायला लागतात, कारण जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे करतं आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे त्यातून काढून टाकतं. काढलेलं परत येत नाही, म्हणून ओरिजिनल कायम वेगळी जपून ठेवायची, कॉम्प्रेस केलेलीच परत परत कॉम्प्रेस करत बसायचं नाही.

आता खरी मजा. लग्नपत्रिका घ्या, पिवळ्यावर लाल अक्षरं. क्वालिटी ७५ लाच 'श्री गणेशाय नमः' झूम केलं तर अक्षरांच्या कडा फिसकटलेल्या, वेलांट्यांभोवती मळकट डाग. यात दोष क्वालिटीच्या आकड्याचा कमी आणि क्रोमा सबसॅम्पलिंगचा जास्त. म्हणजे उजेड-अंधार पूर्ण बारकाईने ठेवायचा पण रंगाची माहिती आडवी-उभी निम्मीच ठेवायची, फोटोत खपून जातं, लाल अक्षरात नाही. अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन सबसॅम्पलिंगच्या ऑटोची टिक काढा आणि खालचा सबसॅम्पलिंगचा आकडा १ करा, कडा लगेच सुधारतात, फाइल थोडीच वाढते. इतकं खोलवरचं सेटिंग फुकट टूलमध्ये मिळतंय, मला याचं फार कौतुक आहे.

पत्रिकेत सपाट रंगच असतील, फोटो नसेल, तर सरळ ऑक्सिपीएनजी (पीएनजी फाइल बनवायचा पर्याय) निवडा. हे लॉसलेस, एकही पिक्सेल बदलत नाही. पण 'रिड्यूस पॅलेट' चालू केलंत की रंगच कमी होतात, मग नाव पीएनजी असलं तरी मूळ चित्र राहिलं नाही, हे लक्षात असू द्या. आणि फोटो पीएनजीत ठेवायच्या भानगडीत पडू नका, फाइल अवाढव्य होते.

उणिवा आहेतच. एका वेळी एकच फोटो, त्यामुळे अख्ख्या ट्रिपचा अल्बम यातून काढायचा विचारच नको. आणि 'मला ५० केबीत बसवून दे' असं सांगताच येत नाही. आयबीपीएसच्या (बँक भरती परीक्षेच्या) फॉर्मला फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी लागते, तिथे आधी रिसाइझ करून फोटो २०० बाय २३० पिक्सेलचा करायचा आणि मग क्वालिटीचा स्लायडर हलवत आकडा जुळवायचा. रिसाइझ आधी करा हं, नाहीतर मोठा फोटो ५० केबीत कोंबायच्या नादात चेहऱ्याचा चिखल होतो. एव्हीआयएफ हा नवा फॉरमॅट सहसा सगळ्यात बारीक फाइल देतो पण वेळ खातो, आणि फॉर्मला जेपीजीच लागतं, त्यामुळे तो स्वतःच्या वेबसाइटसाठीच ठेवा.

व्हिडिओ यात होत नाही, त्याला हँडब्रेक नावाचं सॉफ्टवेअर. तेही फुकट. १०८० पीच्या व्हिडिओला आरएफ (त्यातला क्वालिटीचा आकडा) २० ते २४ च्या मध्ये ठेवा, तिथे आकडा जितका लहान तितकी क्वालिटी जास्त, म्हणजे स्क्वूशच्या बरोब्बर उलट.

स्क्वूशला माझ्याकडून ५ पैकी साडेचार, अर्धा त्या एकेका फोटोपायी कापला.