'परवा' म्हणजे नेमकं कधी? कॉलेज रोडवरच्या एका संवादवर्गाबद्दल

नाशकात कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या पट्ट्यात 'कम्युनिकेशन स्किल'ची पाटी दिसली, की आत बहुतेक वेळा इंग्रजी संभाषण शिकवतात. हा वर्ग तसा नाही. सहा रविवार, दर वेळी दोन तास, फी ३,५०० रुपये, आणि शिकवणं मराठीतून. समोर बसणारे मुख्यतः सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले सुपरवायझर, काही शिक्षक, थोडे द्राक्ष बागायतदार. उणिवाही लिहायच्या असल्याने वर्गाचं नाव देत नाही.

पहिल्या रविवारी अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांची संदेश कसा पोहोचतो ते दाखवणारी आकृती: उगम, प्रेषक यंत्र, वाहिनी, ग्राहक यंत्र, मुक्काम आणि मध्येच घुसणारा गोंगाट. फळ्यावर मात्र या आकृतीत प्रतिसादाचा उलटा बाणही काढतात आणि तोही शॅननच्याच नावावर खपवतात. १९४८ च्या मूळ आकृतीत तो बाण नाही. शॅनन टेलिफोनच्या तारेचा हिशेब मांडत होते. संदेशाचा अर्थ काय, हा त्या हिशेबाचा प्रश्नच नव्हता. प्रतिसादाची कल्पना संवादाच्या अभ्यासात आली ती नॉर्बर्ट वीनर यांच्या सायबरनेटिक्सकडून, म्हणजे यंत्रं आणि सजीव यांच्यातल्या नियंत्रण-संवादाच्या शास्त्राकडून. चूक किरकोळ वाटेल, पण तिच्यामुळे प्रतिसाद ही यंत्रासोबत आपोआप मिळणारी गोष्ट आहे असा समज होतो. प्रत्यक्षात प्रतिसाद मागून घ्यावा लागतो.

दुसरा रविवार या वर्गाचा जीव आहे. विषय अर्थाचा गोंगाट, म्हणजे शब्द नीट ऐकू येऊनही अर्थ चुकणं, आणि उदाहरण पिंपळगावकडच्या द्राक्षपट्ट्यातल्या कुणालाही चटकन कळेल असं: व्यापारी फोनवर म्हणतो, "परवाचं बोललो ना, तसंच परवा गाडी लावतो." मराठीत 'परवा' मागचाही आणि पुढचाही. क्रियापदामुळे बहुधा निभावतं, पण निरोप तिसऱ्या माणसाकडून मुकादमापर्यंत गेला की क्रियापद गळतं आणि नुसता 'परवा' उरतो. त्यातही निरोप बुधवारी सांगितला आणि गुरुवारी पोहोचला, तर तोडणीची माणसं एक दिवस उशिरा बागेत येतात. आवाज स्वच्छ, रेंज पूर्ण, तरी घोटाळा. उपाय वार आणि तारीख दोन्ही सांगण्याचा. नुसती तारीख ऐकताना निसटते; वार सोबत असला की न जुळणारी जोडी लगेच कानाला खटकते. वर्गात याची जोडीजोडीने उजळणी घेतात, तीही पुरेशी.

तिसऱ्या रविवारी आयतांचा खेळ. कागदावर सहा आयत, एकमेकांना कडेने किंवा कोपऱ्याने टेकलेले. सांगणारा पाठमोरा बसतो, बाकीचे ऐकून काढतात. पहिल्या फेरीत प्रश्न बंद. दुसऱ्या फेरीत आकृती वेगळी आणि प्रश्न हवे तितके. लेव्हिट आणि म्युलर या संशोधकांनी १९५१ मध्ये असाच प्रयोग मांडला होता: प्रश्न विचारू दिले की अचूकता वाढते, ऐकणाऱ्याचा विश्वासही वाढतो, पण वेळ जास्त लागतो. इथे घड्याळ लावतच नाहीत. त्यामुळे प्रश्नांची किंमत कुणाला दिसत नाही, आणि 'कारखान्यात एवढा वेळ कुठे असतो' या शंकेला वर्गात उत्तरच सापडत नाही. दुसऱ्या तुकडीपासून तरी फळ्यावर दोन्ही फेऱ्यांची मिनिटं लिहावीत.

चूक कुठे होते हे मात्र नीट दाखवतात. सांगणारा सुरुवातच 'खाली एक तिरका आयत' अशी करतो. कशाच्या खाली, कुठल्या बाजूला तिरका, कुठे टेकलेला, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर असतं म्हणून सांगायचं राहतं. पहिला आयत हुकला की पुढचे पाच त्यालाच टेकून हुकतात. म्हणून आधी पूर्ण चित्र ('सहा आयत, वरून खाली साखळी'), मग पहिल्याची जागा, मग प्रत्येक सांधा, आणि दर दोन आयतांनंतर ऐकणाऱ्याकडून वदवून घेणं. 'कळलं का?' विचारू नये. त्याला 'हो' हे एकच उत्तर येतं, विशेषतः विचारणारा साहेब असेल तर.

याच बैठकीतला पाळी बदलतानाच्या निरोपाचा सराव फी वसूल करतो. 'मशीन जरा बघून घ्या' याऐवजी: 'दोन नंबरच्या सीएनसीवर डाया ०.०५ एमएम जादा येतोय, इन्सर्ट बदललाय, ऑफसेट अजून दिलेला नाही, पहिले पाच जॉब मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.' (डाया म्हणजे व्यास, इन्सर्ट म्हणजे कापणारं टोक, ऑफसेट म्हणजे मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती.) काय झालं, काय केलं, काय राहिलं, कुठे थांबायचं.

चौथा रविवार मानसशास्त्रज्ञ पॉल वॅट्झलाविक यांच्या आशय आणि नातं या दोन पातळ्यांचा: काय सांगितलं, आणि कोणत्या नात्याने सांगितलं. 'तू', 'तुम्ही', 'आपण' यांवरून हे अर्ध्या तासात उलगडतं. बाकीचा वेळ ताणलेला.

पाचवा रविवार टाळला तरी चालेल. ७-३८-५५ हे आकडे इथे नियम म्हणून शिकवतात: संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाच्या सुराचा ३८, चेहऱ्याचा ५५! हे आकडे ज्यांतून आले ते मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ चे प्रयोग सुट्या शब्दांवर होते, आणि प्रश्न एवढाच होता की बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही. हे समीकरण सगळ्या संवादाला लागू नाही, असं त्यांनीच स्पष्ट केलंय. वरचा ०.०५ एमएम चेहऱ्यावरून कुणी ओळखून दाखवावा. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांची दोन माणसांनी एकमेकांपासून राखायची अंतरंही (दीड, चार, बारा फूट) जगाला लागू असल्यासारखी सांगतात. ती मुख्यतः ईशान्य अमेरिकेतल्या मध्यमवर्गीयांच्या निरीक्षणातून आली आहेत. सीबीएसवर (नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावर) बसच्या दारात ती लावून पाहावीत. हावभावच शिकवायचे तर नाट्यशास्त्रातले आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषेचा), सात्त्विक (भावाचा) हे चार अभिनय घरचेच होते. त्यांचा उल्लेखसुद्धा नाही.

सहावा रविवार भाषणांचा. वीस जणांना प्रत्येकी तीन मिनिटं म्हणजे एक तास तिथेच जातो, आणि शेरा बहुतेकांना 'छान' एवढाच मिळतो.

फक्त दुसरा-तिसरा रविवार वेगळी फी देऊन करता येतो का, हे नाव नोंदवतानाच विचारावं. छापील टिपणं घेऊ नयेत, त्यांत उलट्या बाणाची तीच आकृती आहे. आयतांचे कागद मात्र मागून घ्यावेत. शॉपफ्लोअरवर तोच खेळ वीस मिनिटांत होतो.