इतवारीतील घाऊक तेलाचे दुकान: साबणाच्या वडीमागे पडणारा हिशेब

घरी महिन्याला दीड-दोनशे वड्या करणाऱ्या माणसाला किरकोळ भावाने तेल परवडत नाही, म्हणून गेली दोन वर्षे मी नागपूरच्या इतवारीत, मस्कासाथच्या बाजूला असलेल्या एका घाऊक दुकानातून माल घेते. नाव देत नाही, कारण पुढे तक्रारही आहे.

तेलाच्या बाबतीत हे दुकान चांगले आहे. खोबरेल ताजे असते, एरंडेलाला खवट वास येत नाही आणि डबा माझ्यासमोर फोडला जातो. पण भावाची तुलना करताना मी सुरुवातीला फसले. शेजारी 15 किलोचा डबा पाच टक्क्यांनी महाग होता, म्हणून मी इथला घेत राहिले. एका बॅचला तेल कमी पडले, तेव्हा डबा काट्यावर ठेवला. नोकर म्हणाला, "ताई, डबा पंधराचाच आहे जी." पंधराचा खराच, पण लिटरचा, आणि खोबरेल पाण्याहून हलके असल्यामुळे 15 लिटर म्हणजे जेमतेम पावणेचौदा किलो. साबणाचे सारे माप वजनावर चालते, त्यामुळे शेजारचा "महाग" डबाच किलोमागे स्वस्त पडत होता. डब्यावर लिटर छापलेले होते, मी वाचले नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

कॉस्टिक सोड्याबद्दल मात्र माझी तक्रार ठाम आहे. उघड्या पोत्यातून पापडी काढून ती पातळ पिशवीत बांधून दिली जाते. कॉस्टिक हवेतील ओल ओढून घेतो, आणि नागपुरात जुलैच्या हवेला ओलीची कमतरता नसते. एक किलो खोबरेल पूर्ण साबणात उतरायला सुमारे 183 ग्रॅम कॉस्टिक लागतो. वजन बरोबर भरले, तरी त्यातला काही भाग पाणीच असेल, तर तेवढे तेल न बदलता मागे राहते. त्या पावसाळ्यातली माझी एक पूर्ण बॅच मऊ आणि तेलकट राहिली आणि पुढे तिच्यावर नारंगी ठिपके उमटले. या शहराला नारंगी रंगाचे कितीही कौतुक असले, तरी साबणावर तो खवटपणाची खूण असतो. स्वस्त कॉस्टिकपायी त्याच्या कितीतरी पट किमतीचे तेल गेले. आता मी तो हवाबंद डब्यातलाच घेते, दुसरीकडून.

सुगंधी तेले इथे घेऊ नयेत. नागपूरच्या ग्राहकाला संत्र्याचा वास हवाच असतो, पण बाटलीतील तेल सालीचे की कृत्रिम, याचे उत्तर गल्ल्यावर मिळत नाही. प्रमाण तेलाच्या तीन टक्केच असले, तरी माझ्या वडीत त्याचा खर्च एरंडेलाहून जास्त बसतो, आणि संत्र्याचा वास वड्या वाळेपर्यंत बराचसा उडून जातो.

वाळण्याचा हिशेबही भावात धरावा लागतो: चार ते सहा आठवड्यांत पाणी निघून वडी हलकी होते, म्हणून 100 ग्रॅमची विकायची, तर मी ती 115 ग्रॅमची कापते.

गेल्या महिन्यापासून माझ्या आग्रहामुळे शेठ बिलावर किलो लिहू लागले आहेत. रिकाम्या डब्याचे वजन वजा करायची आठवण मात्र अजून दर वेळी मलाच करून द्यावी लागते.