रुग्णसाहित्य भाड्याने देणारे शालिमार परिसरातील दुकान

पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी आम्ही नाशिकच्या शालिमार परिसरातील एका दुकानातून हवेची गादी आणि व्हीलचेअर भाड्याने घेतली. खुर्ची देण्यापूर्वी तेथील कर्मचाऱ्याने सिडकोतील आमच्या घरी येऊन आईची बसल्यावरची रुंदी आणि न्हाणीघराच्या दाराची रुंदी टेपने मोजली, कारण खुर्चीची बैठक सैल असली तर रुग्ण एका बाजूला कलतो आणि खुर्ची रुंद असली तर ती दारातच अडकते. गादीचे कप्पे आळीपाळीने फुगत असल्यामुळे शरीराच्या एकाच भागावर सतत दाब येत नाही. तरीही शय्याव्रण, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, टाळण्यासाठी साधारणपणे दर 2 तासांनी कूस बदलून द्यावीच लागते, हे त्यांनी आपणहून सांगितले. साहित्य देणाऱ्याने त्याची मर्यादाही सांगावी, हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. भाडे वाजवी आहे. अनामत रकमेची पावती मात्र मागून घ्यावी.

एक उणीव गंभीर आहे. दुकानाच्या दाराशी पायऱ्या आहेत, उतार नाही, त्यामुळे व्हीलचेअरवरील ग्राहकाला रस्त्यावर थांबूनच स्वतःची खुर्ची निवडावी लागते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सुगम प्रवेशाला महत्त्व दिलेले असताना हे चालवून घेण्यासारखे नाही. मालकांनी निदान उचलून ठेवता येणारा उतार तरी तातडीने आणावा.